घर्षण आणि निर्मिती : यवतमाळ जिल्ह्याच्या वाङ्मयीन अनुभवाच्या संदर्भात

१

पूर्ण झालेली साहित्यकृती वाचकासमोर येते तेव्हा ती इतकी एकसंध भासते की, तिच्या घडणीत काही अडले होते, मोडले होते, पुन्हा जुळवावे लागले होते, याचा मागमूसही सहसा उरत नाही. निर्मितिप्रक्रियेविषयीच्या मराठी चर्चेवर या एकसंधतेचा मोठा प्रभाव आहे. एका बाजूला स्फूर्तीची कल्पना मानणारे आहेत. त्यांच्या मते कविता येते, कवी केवळ तिला वाट करून देतो. दुसऱ्या बाजूला बंडखोरीचे आकर्षण असणारे आहेत. त्यांना विस्कळितपणा हाच प्रतिभेचा पुरावा वाटतो, आणि आकाराची मागणी करणारा प्रत्येक जण प्रस्थापित ठरतो. या दोन्ही भूमिका वरकरणी परस्परविरोधी असल्या, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. लेखक आणि त्याचे माध्यम यांच्यात चालणारी झटापट दोघींच्याही हिशेबात नाही.

येथे अव्यवस्था आणि घर्षण यांत भेद करणे आवश्यक आहे. अव्यवस्था ही एक स्थिती आहे. घर्षण हा संबंध आहे. त्याला दोन पक्ष लागतात आणि दोघांनाही काही ठामपणा लागतो. ओल्या मातीवर ओली माती घासून ठिणगी पडत नाही. लेखकापाशी काही शिस्त, काही आग्रह असेल आणि समोरची भाषा, रूपबंध किंवा काळ त्या आग्रहाला सहज वश होत नसेल, तरच घर्षण उत्पन्न होते. निर्मितीला उपकारक ठरते ते हे घर्षण. नुसती अव्यवस्था निर्मितीची सामग्री पुरवू शकेल, निर्मिती करू शकणार नाही.

हा विचार मराठी सौंदर्यशास्त्राला परका नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात बा. सी. मर्ढेकरांनी लयतत्त्वाची मांडणी करताना संवाद आणि समतोल यांच्या बरोबरीने विरोधालाही स्थान दिले होते. पुढील अध्यापनात संवाद आणि समतोल यांचीच चर्चा अधिक झाली, विरोध मात्र परीक्षेतील टिपेपुरता उरला. मराठी मातृभाषा असूनही हिंदीत लिहिणाऱ्या आणि काही वर्षे नागपुरात राहिलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांनी ‘तीसरा क्षण’ या निबंधात निर्मितीचे तीन क्षण कल्पिले आहेत. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा, दुसरा तो अनुभव आपल्या मुळांपासून सुटून कल्पनारूप होण्याचा, आणि तिसरा त्या कल्पनारूपाला शब्दांत बांधण्याचा. या तिसऱ्या क्षणी भाषा प्रतिकार करते आणि त्या प्रतिकारात मूळ आशयच बदलून जातो, हे त्यांचे प्रतिपादन येथे विशेष महत्त्वाचे आहे. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये, कला ही आकलनाची वाट मुद्दाम खडतर करते, असे म्हटले होते. त्यांचा रोख वाचकाच्या अनुभवाकडे होता, मुक्तिबोधांचा लेखकाच्या. दोन्ही बाजूंनी गाठ पडते ती अडथळ्याशीच.

२

या प्रश्नाचा विचार करण्यास यवतमाळ जिल्हा हे सोयीचे क्षेत्र आहे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा पुढे यवतमाळचा झाला. मध्यप्रांत-वऱ्हाड, १९५६ चे द्वैभाषिक आणि १९६० चा महाराष्ट्र अशा राजकीय चौकटी एकामागून एक बदलत गेल्या. या जिल्ह्यात वऱ्हाडी आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातील भाषा आहेत. तांड्यांवर बंजारा समाजाची गोरबोली आहे. दक्षिणेस तेलुगूचा शेजार आहे, आणि गावागावांतून उर्दू व हिंदी कानावर पडते. येथल्या माणसाच्या बोलण्यात एका भाषेची कड दुसरीला सतत लागत असते. त्यामुळे लिहू पाहणाऱ्याला कोणती भाषा आपली म्हणावी, हा प्रश्न पहिल्याच ओळीपाशी उभा राहतो. या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे तीन कवींनी दिली आहेत.

पहिले उत्तर भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांचे. व्यवसायाने वकील, छंदाने शिकारी आणि वृत्तीने मैफलीचे माणूस असलेल्या पाटणकरांनी यवतमाळात राहून उर्दू शायरीचा बाज मराठीत आणला. ‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘दोस्तहो!’ ही त्यांच्या संग्रहांची नावेच त्यांचा संकल्प सांगतात. माधव जूलियन यांच्या ‘गज्जलांजली’ने (१९३३) फारसी वळणाची गझल मराठीत आधीच आणली होती. मात्र पाटणकरांना ग्रंथातल्या फारसीपेक्षा बैठकीतली उर्दू जवळची होती.

हा संकल्प दिसतो तितका सोपा नव्हता. उर्दू छंदात शब्दान्तीचा दीर्घ स्वर गरजेप्रमाणे आखूड उच्चारता येतो. मराठी वृत्ताचा कान अशी सवलत सहजी देत नाही. उर्दूतील इजाफतीमुळे दोन नामे एका ऱ्हस्व स्वराने सांधली जातात. मराठीत तेथे चा-ची-चे येतात, अक्षरे वाढतात आणि लिंगाची जुळणीही सांभाळावी लागते. उर्दू गझलेत प्रिय व्यक्तीसाठी पुल्लिंगी क्रियापद वापरण्याचा संकेत आहे. त्या आडपडद्यामागे लौकिक प्रेम आणि ईश्वरप्रेम ही दोन्ही नांदू शकतात. मराठीत हा संकेत रुजलेला नाही. ‘आली’ म्हणावे की ‘आला’, याचा निर्णय कवीला करावाच लागतो, आणि निर्णय केला की आडपडदा फाटतो. उर्दूतली ती संदिग्ध हुरहूर मराठीत आणता येत नाही म्हटल्यावर पाटणकरांची शायरी दुसऱ्या दिशेला वळली. तिने मोकळा विनोद स्वीकारला. पहिल्या ओळीत गंभीर भूमिका घ्यायची आणि शेवटी वकिली चातुर्याने तिची उलटतपासणी करायची, असा तिचा धाट झाला. प्रेम आणि मदिरा यांइतकाच मृत्यूही तिच्यात थट्टेचा विषय झाला. हे उर्दूचे अनुकरण नव्हे आणि रूढ मराठी भावकविताही नव्हे. एका रूपबंधाने दुसऱ्या भाषेत येण्यास नकार दिला, त्या नकारातून निघालेली ही तिसरी वाट आहे. पाटणकरांकडे ‘लोकप्रिय शायर’ एवढ्याच दृष्टीने पाहणारी समीक्षा नेमकी ही वाट पाहत नाही.

३

दुसरे उत्तर बोरी अरबचे शंकर बडे (मृत्यू २०१६) यांचे. ‘बॅरिस्टर गुलब्या’ या एकपात्री प्रयोगामुळे आणि वऱ्हाडी कवितांच्या सादरीकरणामुळे बडे यांचे नाव विदर्भभर झाले. त्यांच्या कवितेची दाद श्रोत्यांनी हशा-टाळ्यांनी दिली. विद्यापीठीय चर्चेने ती ‘बोलीभाषेतील कविता’ या रकान्यात ठेवली. बोली म्हणजे अस्सलपणा आणि अस्सलपणा म्हणजे सहजता, असे समीकरण या वर्गीकरणामागे असते.

प्रत्यक्षात बोलीत लिहिणे हे प्रमाण मराठीत लिहिण्यापेक्षा अधिक घर्षणाचे काम आहे. बोलणारा वऱ्हाडी बोलतो, पण शाळेत त्याने लिहायला शिकलेली भाषा प्रमाण असते. ‘मला’च्या जागी ‘मले’, ‘जात आहे’च्या जागी ‘जाऊन राहिला’ लिहिताना हाताला लागलेले वळण प्रत्येक वेळी मोडावे लागते. लिपीही फारशी मदत करत नाही, कारण उच्चाराचा हेल कागदावर उतरत नाही. शिवाय वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि त्यातून अर्थांची एक वेगळीच गुंतागुंत जन्माला येते. ‘काळा’ हा ‘काया’ होतो आणि देहवाचक ‘काया’ला जाऊन भिडतो. ‘मळा’ हा ‘मया’ होतो, आणि ‘मया’ म्हणजे जिव्हाळाही. शेतमळा आणि माया ज्या भाषेत एकाच ध्वनीने ओळखली जातात, त्या भाषेतल्या कवीला यमक आणि श्लेष यांचा वेगळा साठा उपलब्ध असतो. प्रमाण मराठीच्या मुद्रितशोधकाने ‘मया’ची दुरुस्ती ‘मळा’ अशी केली, तर शुद्धलेखन सुधारेल, पण दोन अर्थांची गाठ सुटून जाईल.

वऱ्हाडीच्या वाङ्मयीन उपयोगाचा विचार करताना उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीचा उल्लेख नेहमी होतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्याच्या परिसरातून आलेल्या या कादंबरीत कौतिकच्या संसाराची कथा सांगणारे निवेदन प्रमाण मराठीच्या जवळचे आहे, संवाद वऱ्हाडी आहेत. या दोन पातळ्यांतील अंतर हा कादंबरीचा दोष नाही, तिचा ताण त्या अंतरात आहे. कौतिक ज्या भाषेत दुःख भोगते त्या भाषेत ते दुःख सांगितले जात नाही. वाचकाला हे अंतर प्रत्येक पानावर ओलांडावे लागते. संपूर्ण कादंबरी एकाच भाषास्तरावर लिहिली गेली असती, तर ती अधिक गुळगुळीत झाली असती. अधिक सखोल झाली असती, असे मात्र म्हणता येत नाही.

४

तिसरे उत्तर वसंत आबाजी डहाके यांचे. १९४२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बेलोरा येथे जन्मलेल्या डहाके यांची ‘योगभ्रष्ट’ ही दीर्घ कविता १९६६ मध्ये ‘सत्यकथे’त प्रसिद्ध झाली आणि त्याच नावाचा संग्रह १९७२ मध्ये आला. विस्कळितपणाचे काव्य म्हणून या कवितेचा उल्लेख होतो आणि तो निराधार नाही. भयाने व्यापलेली, एकमेकींवर आदळणारी प्रतिमासृष्टी, कथनाचा तुटणारा धागा आणि स्वतःच्या अस्तित्वाविषयी साशंक असलेला निवेदक ही तिची वैशिष्ट्ये सर्वपरिचित आहेत.

पण शीर्षकाकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ‘योगभ्रष्ट’ हा शब्द गीतेच्या सहाव्या अध्यायातला आहे. योगापासून ढळलेल्या माणसाचे काय होते, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नष्ट होतो काय, अशी अर्जुनाची शंका आहे, आणि अशा माणसाचा नाश होत नाही, असे कृष्णाचे आश्वासन आहे. डहाके यांनी शंका घेतली आणि आश्वासन बाजूला ठेवले. हजारो वर्षांच्या परंपरेने बांधून दिलेला शब्द आणि त्या परंपरेची हमी हरवलेला विसाव्या शतकातील माणूस यांचे घर्षण शीर्षकापासूनच सुरू होते. रणजित होस्कोटे व मंगेश कुलकर्णी यांचा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये ‘अ टेररिस्ट ऑफ द स्पिरिट’ या नावाने प्रसिद्ध झाला. इंग्रजी शीर्षकात कवितेतील स्फोटकता उतरली, परंतु गीतेशी असलेले भांडण मागे राहिले. ते मराठी वाचकाच्याच वाट्याचे आहे.

ही कविता ज्या नियतकालिकात आली, त्याचाही विचार केला पाहिजे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या ‘सत्यकथे’ची ख्याती लेखकांना पत्रे लिहून पुनर्लेखनाचा आग्रह धरणारे मासिक अशी होती. या आग्रहाचा अनेकांना जाच झाला, आणि साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीने त्याविरुद्ध उघड बंड केले. ते बंड आवश्यक होते. तरीही १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाल्यावर मराठी लेखकाला एक जागरूक प्रतिपक्ष उरला नाही, हेही मान्य करावे लागते. आलेले लेखन जसेच्या तसे छापणारे संपादन लेखकाला स्वातंत्र्य देते, पण त्याच्या वाट्याचे घर्षण काढून घेते.

डहाके यांच्या पुढील कार्यातून हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. ‘योगभ्रष्ट’चा कवी पुढे ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’ आणि ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ या प्रकल्पांत संपादक म्हणून सहभागी झाला. नोंदींचा क्रम, व्याख्यांची नेमकी मर्यादा, संदर्भांची काटेकोर तपासणी ही कोशकाराची शिस्त, आणि प्रतिमांना मोकळे सोडणारी कविता, ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीने केली. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. अव्यवस्थेला सामोरे जाण्याची ताकद व्यवस्थेची किंमत ठाऊक असणाऱ्यातच असते. ‘चित्रलिपी’ला २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये चंद्रपूर येथील ८५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डहाके यांच्याकडे आले. भ्रष्ट योग्याची कविता लिहिणारा कवी संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचला, हे मराठी वाङ्मयव्यवहाराने घर्षण सामावून घेतल्याचे चांगले उदाहरण आहे.

५

परंतु संस्थेला हे दर वेळी साधत नाही. यवतमाळात याआधी १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते. तेथेच ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात ९२ वे संमेलन भरले. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. अध्यक्ष निवडणुकीऐवजी सन्मानाने निवडण्याच्या नव्या पद्धतीनुसार त्यांची निवड झाली होती. निवडणुकीतील गोंधळ टाळण्याच्या हेतूने हा बदल झाला. गोंधळ प्रत्यक्षात दुसऱ्याच बाजूने आला. उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण स्थानिक राजकीय विरोधानंतर आणि उधळणुकीच्या इशाऱ्यानंतर मागे घेण्यात आले. अनेक निमंत्रित लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी पदाचा राजीनामा दिला. सहगल यांचे लिखित भाषण संमेलनापूर्वीच वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख आणि अरुणा ढेरे या दोघांनीही व्यासपीठावरून निमंत्रण मागे घेण्याविषयी नापसंती व्यक्त केली.

या प्रकरणाची चर्चा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने पुष्कळ झाली, आणि ती योग्यच होती. येथे प्रश्न निर्मितीच्या अंगाने आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेने मराठी संमेलनाचे उद्घाटन करावे काय, हा आक्षेप स्वतःच एक वाङ्मयीन प्रश्न होता. सहगल यांचे वडील रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणातील मराठी घराण्यातले संस्कृतज्ञ. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी घराणे, काश्मीरचा संस्कृत इतिहास, इंग्रजी लेखन आणि पाच-सहा भाषांचा यवतमाळ जिल्हा, या सर्वांची समोरासमोर गाठ पडली असती, तर मराठीपणाची व्याख्या काय, हा प्रश्न व्यासपीठावर मांडला गेला असता. आयोजकांनी गोंधळ टाळण्यासाठी घर्षण टाळले. परिणामी घर्षण गेले आणि गोंधळ मात्र वाढला. भेद न ओळखण्याची ही किंमत आहे.

उद्घाटन अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सांभाळणाऱ्या वैशाली येडे यांनी श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाट्यप्रयोगात भूमिकाही केली होती. येथे या लेखातील प्रतिपादनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप उपस्थित होतो. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले जाते, तेथे अडथळा निर्मितीला पोषक असतो असे म्हणणे क्रूरपणाचे नाही काय? कर्ज, नापिकी आणि वैधव्य यांना कलेचे खत मानणारी रसिकता निंद्यच आहे.

या आक्षेपाचे उत्तर पुन्हा भेदातच आहे. पीडा म्हणजे घर्षण नव्हे. पीडेत माणसावर काही लादले जाते, प्रतिकार करायला त्याच्या हाती काही ठेवले जात नाही. पीडेने आजवर जितक्या लेखण्या चालवल्या, त्याहून कितीतरी अधिक बंद पाडल्या असतील. त्यांची नोंद वाङ्मयेतिहासात होत नाही, इतकेच. घर्षण सुरू होते ते पीडिताच्या हाती एखादे माध्यम आल्यावर. ‘तेरवं’ हा मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाचा विधी, शोकाला समाजाने दिलेला आकार. त्या नावाच्या नाटकात त्याच जीवनातून आलेली स्त्री उभी राहते तेव्हा तिला संहिता पाठ करावी लागते, रंगमंचावरच्या जागा सांभाळाव्या लागतात, दुसऱ्याने लिहिलेले दुःख आपल्या दुःखाशी ताडून पाहावे लागते. तेथे ती साहित्याचा विषय राहत नाही, कर्ती होते. दुःखाने तिला हे दिले नाही. रंगभूमीच्या शिस्तीशी झालेल्या झटापटीने दिले. म्हणून पीडा नाहीशी व्हावी, अशी मागणी आणि घर्षण राखले जावे, अशी मागणी, या एकाच वेळी करता येतात. किंबहुना त्या एकाच वेळी केल्या पाहिजेत.

६

या विवेचनातून अध्यापक आणि संशोधक यांच्यावर काही जबाबदारी येते. साहित्याचा विद्यापीठीय व्यवहार स्वभावतः वर्गीकरणाचा आहे. पाटणकर ‘लोकप्रिय’, बडे ‘बोलीभाषिक’, डहाके ‘आधुनिकतावादी’ असे रकाने ठरले की प्रबंधिकेची प्रकरणे सुरळीत लागतात. परंतु हे तिघे एकाच जिल्ह्यातून आले आणि भाषेविषयीच्या एकाच अडचणीला तिघांनी तीन उत्तरे दिली, ही गोष्ट त्या रकान्यांत हरवते. प्रबंध सुरळीत होतो आणि विषय निसटतो.

यासाठी मोठ्या सुधारणांची वाट पाहण्याचे कारण नाही. पदव्युत्तर वर्गात कविता शिकवताना तिचा आशय सांगून थांबण्याऐवजी कवीला भाषेने कोठे अडवले, हा प्रश्न विचारता येईल. नियतकालिकातील आवृत्ती आणि संग्रहातील आवृत्ती शेजारी ठेवून पाठभेद पाहण्याचे काम विद्यार्थ्यांना देता येईल. बोलीतील संहितेचे संपादन करताना प्रमाणलेखनाचा हात कोठे आवरावा, याचे प्रशिक्षण देता येईल. कोलामी किंवा गोरबोली घरात बोलणारा विद्यार्थी मराठीत लिहिताना ज्या वाक्याशी अडखळतो, त्या वाक्यावर लाल रेघ ओढण्यापूर्वी तो तेथे का अडखळला, हे त्याला विचारता येईल. पुष्कळदा ती चूकच असेल आणि ती दुरुस्त करावी लागेल. पण काही वेळा त्या जागी दोन भाषा एकमेकींना भिडलेल्या असतील, आणि मराठीत तोवर नसलेले एखादे वाक्य तेथे आकार घेत असेल. चूक आणि घर्षण यांतील हा फरक ओळखणे हेच साहित्याच्या अध्यापकाचे खरे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येण्याजोगे नाही.